मामा, गाडी विकू नकोस: होंडा-निसानच्या त्या फॉरवर्डला उत्तर

रविवारी सकाळी मामाचा फोन आला. "अरे, होंडा बुडाली म्हणे. मी गाडी काढून टाकतोय. एक जण सव्वादोन लाख देतोय."

मामा कळव्याला, खारीगावात राहतो. त्याची पांढरी होंडा सिटी 2015 ची, पेट्रोल, जेमतेम 46 हजार किलोमीटर फिरलेली. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली ही त्याची पहिली आणि एकमेव गाडी. सर्व्हिसिंगची प्रत्येक पावती डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारखेनुसार लावलेली. अशी गाडी कोपरखैरण्याच्या एका दलालाने व्हॉट्सॲपवरचा मेसेज दाखवून निम्म्या भावात मागितली, आणि मामा तयारही झाला. त्याच दिवशी तोच मेसेज मला सोसायटीच्या ग्रुपवर आला, रात्री कॉलेजच्या ग्रुपवर. आता गप्प बसवत नाही.

मेसेजचा मथितार्थ असा: होंडा आणि निसान एक झाल्या, जपानने चीनपुढे हात टेकले. नवी कंपनी भारतातून गाशा गुंडाळणार, ॲक्टिव्हाही बंद होणार. वर्षभरात स्पेअर पार्ट मिळेनासे होतील, म्हणून मिळेल त्या भावाला गाडी विका. मारुती तर टोयोटात विलीन झालेलीच आहे. आणि पाच लाखांत चिनी इलेक्ट्रिक गाडी येतेय, थोडं थांबा. सोबत तीन जपानी साहेबांचा एकाच मंचावरचा फोटो.

फोटो खरा आहे. 23 डिसेंबर 2024 चा. होंडाचे मिबे, निसानचे उचिदा आणि मित्सुबिशीचे काटो, तिन्ही कंपन्यांचे तेव्हाचे प्रमुख. पण त्या दिवशी झालं काय? एकत्र यायचं की नाही यावर बोलणी करू, एवढाच सामंजस्य करार. आपल्या भाषेत कांदेपोहे झाले होते, साखरपुडासुद्धा नाही. आणि 13 फेब्रुवारी 2025 ला, दोन महिनेही व्हायच्या आत, दोन्ही कंपन्यांनी संयुक्त निवेदन काढून बोलणी थांबवली, करार रद्द केला. हे निवेदन दोन्ही कंपन्यांनी स्वतः प्रसिद्ध केलेलं आहे, कोणालाही वाचता येतं. कारणही त्यातच आहे. आधी ठरत होतं की वर एक सामाईक कंपनी आणि तिच्याखाली दोघी. पुढे होंडाने सुचवलं की होंडा मालक आणि निसान तिची उपकंपनी. त्यावर एकमत झालं नाही. तंत्रज्ञानापुरतं सहकार्य चालू राहील, असंही निवेदनात लिहिलंय. म्हणजे ज्या विलीनीकरणाच्या नावाने मामाची गाडी निम्म्या भावात चालली होती, ते विलीनीकरण झालेलंच नाही.

निसान अडचणीत आहे, हे मात्र मान्य करावं लागतं. मार्च 2025 ला संपलेल्या वर्षात त्यांना 670 अब्ज येनहून जास्त तोटा झाला. त्यानंतर 20 हजार नोकऱ्या कमी करण्याची आणि 17 कारखान्यांचे 10 करण्याची योजना त्यांनी जाहीर केली. चेन्नईजवळच्या कारखान्यातला स्वतःचा हिस्सा त्यांनी फ्रान्सच्या रेनॉ कंपनीला दिला. चीनमध्ये होंडालाही मोठा फटका बसलाय: 2020 मध्ये तिथे 16 लाखांवर गाड्या विकणारी कंपनी 2024 मध्ये साडेआठ लाखांच्या आसपास आली. 2023 मध्ये गाड्यांच्या निर्यातीत चीनने जपानला मागे टाकलं, हेही खरं. चीनची इलेक्ट्रिक गाड्यांची बीवायडी ही मुळात बॅटरी बनवणारी कंपनी. इलेक्ट्रिक गाडीत सर्वांत महाग भाग बॅटरी, आणि ती यांची घरची. म्हणून त्यांना भाव पाडता येतो, आणि म्हणूनच जुन्या कंपन्या खर्च वाटून घ्यायला जोडीदार शोधतायत. इथपर्यंत मेसेजवाल्याला दिशा कळली होती. पुढचं सगळं त्याने मनाने रचलंय.

भारतातून गाशा गुंडाळण्याची अफवा बहुधा 2020 मधून आली असावी. तेव्हा होंडाने ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातलं उत्पादन थांबवलं आणि सगळं राजस्थानात टपुकड्याला नेलं. कारखाना हलला, कंपनी गेली नाही. उलट ज्या डिसेंबरचा तो फोटो आहे, त्याच डिसेंबरमध्ये होंडाने भारतात नवीन अमेझ आणली. ॲक्टिव्हाचं तर नावच काढायला नको होतं. ती बनवणारी होंडाची कंपनी वेगळी आहे, आणि दुचाकींमध्ये होंडा जगात पहिल्या क्रमांकावर आहे. ठाणे स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये एकदा नजर टाकली तरी पुरे.

आता स्पेअर पार्टचा मुद्दा. माझा खरा राग यावर आहे, कारण माणसं विकायला धावतात ती या वाक्यामुळे.

सोमवारी मी मामाला घेऊन वागळे इस्टेटला आमच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. रॅम्पवर एक शेव्हर्ले बीट चढवलेली होती, पुढची दोन्ही चाकं काढलेली. शेव्हर्ले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने भारतात गाड्या विकणं 2017 च्या शेवटी बंद केलं. गॅरेजवाल्याने मागच्या फळीवरून ब्रेक पॅडचा खोका काढून मामाच्या हातात दिला. त्यावर गाडीच्या कंपनीचं नाव नव्हतं, पॅड बनवणाऱ्याचं होतं. मामा बराच वेळ तो खोका उलटसुलट करून बघत होता. "काका, गाडीची कंपनी पॅड बनवत नाही. पॅडवाला बनवतो," गॅरेजवाला म्हणाला. क्लच प्लेट, बेअरिंग, फिल्टर, शॉकॲब्झॉर्बर, बेल्ट, बहुतेकांचं असंच आहे. हे बनवणारे वेगळे, आणि रस्त्यावर गाड्या आहेत तोवर त्यांचा धंदा आहे. फोर्डने 2021 मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, तरी पार्ट आणि सर्व्हिस चालू ठेवली.

त्रास होतो तो बॉडीच्या वस्तूंचा. हेडलाइट, बंपर, दरवाज्याचं पॅनेल, इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट. कंपनी खरंच निघून गेली तर हे मिळवताना घाम फुटतो, महाग पडतं, कधी भंगारातून शोधावं लागतं. गॅरेजवाल्यानेही ते लपवलं नाही. पण हा प्रश्न गेलेल्या कंपनीचा, आणि होंडा गेलेली नाही.

मामाच्या मनातली भीती कुठून आली तेही मला कळतं. नव्वदच्या दशकात आपल्याच जिल्ह्यात, कल्याणच्या प्रीमिअरच्या कारखान्यात, प्यूजो 309 बनायची. फ्रेंच भागीदार काही वर्षांतच निघून गेला. मामाच्या शेजाऱ्याकडे ती गाडी होती. एका पार्टसाठी महिनोन्महिने उभी असायची, हे मामाने पाहिलंय. अशा माणसाला "पार्ट मिळणार नाहीत" म्हटलं की तो हलतोच. दलालाला हे पक्कं ठाऊक असतं.

त्याहून वाईट गोष्ट मला गॅरेजमधून परत येताना कळली. मामाने पाच हजार टोकन घेतलं होतं, आणि 29 आणि 30 नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या होत्या. मालकी बदलायचे फॉर्म, त्यावर घेणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही! अशी गाडी दलाल आज एकाला, उद्या दुसऱ्याला देतो, आणि आरटीओत नाव मामाचंच राहतं. चलान मामाच्या मोबाइलवर. अपघात झाला तर नुकसानभरपाईसाठी नोटीस मामाला. नोंदणी ज्याच्या नावावर, मोटार वाहन कायद्याने मालक तोच, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. गाडी विकायची असेल तर खुशाल विका, पण घेणाऱ्याचं नाव फॉर्मवर लिहिल्याशिवाय सही करू नका.

मारुतीबद्दल थोडक्यात. टोयोटाने 2019 मध्ये सुझुकीचे पाच टक्क्यांहूनही कमी शेअर घेतले. मारुतीच्या बलेनोला ग्लान्झा नाव देऊन टोयोटा विकते, तो दोघांमधला पुरवठ्याचा करार आहे. मारुतीत निम्म्याहून जास्त हिस्सा सुझुकीचाच. सुझुकीला कोणी गिळेल असं वाटत असेल तर फोक्सवॅगनचं काय झालं ते बघा. 2009 मध्ये करार करून त्यांनी सुझुकीत 19.9 टक्के हिस्सा घेतला, पुढे भांडण लवादापर्यंत गेलं आणि 2015 मध्ये सुझुकीने आपले शेअर परत विकत घेतले.

राहिली पाच लाखांची चिनी गाडी. बीवायडीची छोटी सीगल 2024 मध्ये खुद्द चीनमध्ये 69,800 युआनपासून होती, म्हणजे आपले आठ लाखांच्या घरात. चीनहून तयार गाडी आणायची तर त्यावर 70 टक्के किंवा जास्त शुल्क. हिशोब मामानेच पाठकोऱ्या कागदावर केला, साडेतेरा लाख आले. इथे कारखाना काढायचा तर 2020 पासून सीमेला लागून असलेल्या देशांच्या गुंतवणुकीला सरकारची परवानगी लागते. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्यायला चीनची ग्रेट वॉल कंपनी आली होती. परवानगी मिळाली नाही, 2022 मध्ये व्यवहार बारगळला, आणि नंतर तो कारखाना ह्युंदाईने घेतला. चिनी भांडवलाच्या गाड्या घोडबंदर रोडवर दिसतात, नाही असं नाही. एमजीत चीनच्या साइक कंपनीचा पैसा आहे आणि आता आपल्याकडच्या जेएसडब्ल्यू समूहाचाही. पण त्यांची इलेक्ट्रिक विंडसर 2024 मध्ये आली तीच 9.99 लाखांना, आणि त्यात बॅटरीचं भाडं वेगळं.

मामाने काल टोकनचे पाच हजार परत पाठवले. फॉर्म मात्र अजून दलालाकडेच आहेत, आणि तो दोन दिवस फोन उचलत नाहीये. आज संध्याकाळी आम्ही दोघं सिटी घेऊन कोपरखैरण्याला जाणार आहोत, ते दोन्ही फॉर्म आणायला.