टेलवरच्या लाभधारकाने कसे वागावे

लाभक्षेत्रात नव्याने आलेल्या बंधू-भगिनींनो, आधी अभिनंदन. तुमच्या बांधाजवळून आता एक चारी जाते आणि सरकारदरबारी तुम्ही नुसते शेतकरी उरलेला नाहीत, 'लाभधारक' झाला आहात. लाभ कसला, हे विचारायचं नसतं. नुसतं धारण करायचं असतं. मी 22 वर्षं धारण करतोय, तेही मायनरच्या, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्याच्या, अगदी शेवटच्या मोरीवर. यालाच टेल म्हणतात. गेल्या आठवड्यात एक बिल हातात पडलं. ते तीनदा वाचल्यावर वाटलं, आपल्याला आलेलं शहाणपण असं एकट्यानं खाऊन टाकणं बरं नव्हे. बिलाकडे येतोच.

सुरुवात नमुना नंबर 7 पासून. हा पाणीमागणीचा अर्ज. मुदतीत भरा, सातबारा जोडा, मागची थकबाकी फेडल्याची पावती जोडा आणि पोच घ्यायला विसरू नका. पोच म्हणजे तुम्हाला खात्रीने मिळणारी एकमेव गोष्ट. सोबत पेपरातलं जाहीर प्रकटन कापून ठेवा. मराठी गद्याचा इतका शुद्ध नमुना दुसरीकडे सापडायचा नाही. शेतचाऱ्या लाभधारकांनी दुरुस्त ठेवाव्यात. मंजूर क्षेत्रालाच पाणी घ्यावे. पाळी आल्यावर रात्रंदिवस पाणी घ्यावे. पाणी वाया घालवल्यास पंचनामा होईल. अपरिहार्य कारणाने पाणी न मिळाल्यास भरपाई मिळणार नाही. सगळी क्रियापदं आपल्याकडे आणि सगळी कारणं त्यांच्याकडे, अशी ही वाटणी आहे. पाण्याची वाटणी एवढी चोख असती तर हा लेख लिहायला बसलोच नसतो.

मापं शिकून घ्या. मंत्र्यांच्या भाषणात पाणी टीएमसीत असतं. कार्यालयात गेलं की त्याचं दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर, होतं. 1 टीएमसी म्हणजे साधारण 28.3 दलघमी. धरणावर ते टक्क्यांत मोजतात, कालव्यात क्युसेकमध्ये आणि 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर. वरच्या मोरीवर पाणी तासांत मिळतं. आमच्याकडे विताने मोजतात, तेही चारीत काठी घालून. मागच्या पाळीला काठी ओली झाली होती, एवढं मी शपथेवर सांगू शकतो.

पाटकऱ्याशी, म्हणजे चारीला पाणी सोडणाऱ्या माणसाशी, भांडू नका. अख्ख्या खात्यात फोन उचलणारा तेवढाच एक आहे.

हंगामांच्या तारखा पाठ करा. सिंचनाचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं. 14 ऑक्टोबरपर्यंत खरीप, 15 ऑक्टोबर ते 28 फेब्रुवारी रब्बी, 1 मार्च ते 30 जून उन्हाळी. आपल्याला वाटतं हंगाम पिकाचा असतो. तो कॅलेंडरचा असतो. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता कालवा सल्लागार समिती. धरणात किती साठलं ते 15 ऑक्टोबरला कळतं. त्यानंतर ही समिती बसते आणि किती आवर्तनं, म्हणजे पाणी सोडायच्या खेपा, कधी, किती दिवस, हे ठरवते. नाव सल्लागार असलं तरी सल्ला तुमचा घेत नाहीत. बातमी येते, 'शेतकऱ्यांना दिलासा'. फोटोत सात-आठ जण कळ दाबताना दिसतात, मग जलपूजन, नारळ, हार. तेवढी फुलं आमच्या चारीपर्यंत वाहत आली असती तरी म्हटलं असतं की चला, प्रवाह आहे. तुम्ही बैठकीला जाऊ नका. मी एकदा गेलो होतो. उभा राहून म्हणालो, "साहेब, टेलला…" पुढचं वाक्य चहात बुडालं.

धीर धरा. निळवंडे धरणाला पहिली मंजुरी मिळाली 1970 साली, 8 कोटींच्या आत. डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं ऑक्टोबर 2023 मध्ये आणि तोवर खर्च 5 हजार कोटींच्या पुढे गेलेला. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी 1988 ची. तेव्हाचा अंदाज 372 कोटी, आता 18 हजार कोटी मागे पडलेत आणि काम सुरूच आहे. तुमची चारी वेळेवर झाली असेल तर चौकशी करा, काहीतरी चुकलं असणार.

आकडे विचारू नका. 2012 साली राज्याच्या आर्थिक पाहणीत एक आकडा चुकून खरा छापला गेला. एकूण पिकाखालच्या क्षेत्रात सिंचनाखालचं क्षेत्र 2000-01 मध्ये 17.8 टक्के होतं, ते 2009-10 मध्ये 17.9 टक्के झालं. दहा वर्षांत एक दशांश टक्का! केवढा गहजब झाला. श्वेतपत्रिका निघाली, चौकशीला चितळे समिती बसली. धडा काय घेतला? पुढे बरीच वर्षं त्या रकान्यात 'उपलब्ध नाही' एवढंच छापून येत राहिलं. रोग्याचा ताप उतरवायची ही पद्धत मला फार आवडली, थर्मामीटरच काढून घ्यायचा.

डोंगळ्यांबद्दल तोंड उघडू नका. नवख्यांसाठी सांगतो, कालव्याच्या भरावावरून खाली सोडलेल्या त्या जाडजूड काळ्या नळ्या म्हणजे डोंगळे. वरच्या अंगाला ते रांगेने चिकटलेले असतात. आवर्तन सुटायच्या आदल्या दिवशी पथक येतं, चार डोंगळे काढतं, फोटो काढतं. दुसऱ्या दिवशी सहा लागतात. कोणाचे आहेत ते गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं, पंचनाम्यात मात्र 'अज्ञात इसम' असतो. हा इसम फारच कष्टाळू असावा. इतके टँकर ऊस एकट्याने पिकवणं म्हणजे… टँकर कसले, ट्रॅक्टर. पाण्याचा विषय निघाला की आमच्याकडे तोंडात टँकरच येतो.

आता गहू. इथे जरा बसा, थोडा वेळ लागेल.

गव्हाला पाणी कधी द्यावं, हे कृषी खात्याच्या पत्रकात स्वच्छ छापलेलं आहे. मुकुटमुळं फुटताना 18 ते 21 दिवसांनी, कांडी धरताना 40 ते 45, फुलोऱ्यात 60 ते 65 आणि दाणे भरताना 80 ते 85 दिवसांनी. ते पत्रक मी गोठ्याच्या दाराला आतून चिकटवलंय. 30 गुंठे गहू 7 नोव्हेंबरला पेरला. पहिली तीन पाणी विहिरीवर भागवली. जानेवारीच्या मध्याला विहीर खरवडायला लागली, फुटव्हॉल्व्ह उघडा पडला. म्हटलं हरकत नाही, दाणे भरायला पाणी लागणार 26 ते 31 जानेवारीला, आवर्तन 20 तारखेला सुटतंय, अर्ज मंजूर आहे, पोच खिशात आहे. चारी मी आणि शेजारच्या अण्णांनी मिळून खोरं-टिकाव घेऊन साफ केली. दोन दिवस लागले. स्वखर्चाने, प्रकटनात म्हटल्याप्रमाणे.

20 तारखेला पाणी सुटलं. 26 ला झेंडावंदन झालं. चारी कोरडी. 28 ला पाटकरी म्हणाला, "दादा, वरच्यांचं भिजतंय अजून." 31 ला म्हणाला, "वर कुठेतरी भराव फुटलाय, बंद केलंय दुरुस्तीला." 5 फेब्रुवारीला साहेब साइटवर होते. 9 ला मीटिंगला होते. 12 ला मी साइटवर गेलो, तर साहेब ऑफिसात होते. तोवर लोंब्या पांढऱ्या पडायला लागल्या होत्या. एक लोंबी हातावर चोळून पाहिली, दाणा असा सुरकुतलेला, पोचट, फुंकर मारली की उडेल असा. पुन्हा सांगतो, हे जिरायत रान नव्हे. नकाशावर हे निळ्या रेघेच्या आतलं, 'भिजणारं' क्षेत्र आहे.

असो. 1 आणि 2 मार्चला विळ्याने गहू कापला. हार्वेस्टर आमच्या बांधावरून आत येत नाही. पेंढ्या रानातच पडल्या होत्या, मळणीयंत्र दोन दिवसांनी मिळणार होतं. 3 मार्चच्या रात्री दोन वाजता फोन वाजला. "दादा, पाणी आलंय तुमच्या मोरीला. घ्या."

मी म्हणालो, "नको मला. गहू कापून पडलाय."

"नको म्हणून कसं चालेल? टेलला पाणी पोचल्याचा फोटो वर पाठवायचाय."

बॅटरी घेऊन पळत गेलो. चारी काठोकाठ. 22 वर्षांत मी ती तशी पाहिली नव्हती, आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर बरंही वाटलं. मग बॅटरी रानाकडे फिरवली. पेंढ्या तरंगत होत्या. बायको, मी आणि अण्णांचा मुलगा, तिघांनी पहाटेपर्यंत ओल्या पेंढ्या बांधावर ओढल्या. आठवड्यात निम्म्याला कोंब फुटले.

सल्ला असा, की अशा वेळी नुकसानीचा अर्ज अजिबात देऊ नये. मी दिला. तारीख, वेळ, क्षेत्र, सगळं नीट अक्षरात लिहून दिलं. पंचनामा झाला. आणि आता ते बिल. 'हंगाम उन्हाळी. विनापरवाना सिंचन. क्षेत्र 0.30 हेक्टर.' दंडाचा दर आणि त्यावर 20 टक्के स्थानिक उपकर. कारण 28 फेब्रुवारीला रब्बी संपला, माझी मंजुरी रब्बीची आणि पाणी 3 मार्चला माझ्या रानात होतं. पुरावा काय? मीच दिलेला नुकसानीचा अर्ज! पोचेसकट. कार्यालयात जाऊन म्हटलं, अहो, मी पाणी घेतलंच नाही, ते तुम्ही सोडलंत. तर टेबलामागून शांतपणे प्रश्न आला, "घेतलं नाही म्हणता, मग गहू भिजला कसा?"

आता मला सल्ले सुचत नाहीत.

रक्कम मोठी नाही. सांगितली तर तुम्ही हसाल. पण खात्यातल्या साहेबांनो, तुमचं पाणी चाळीस दिवस उशिरा आलं, त्याला दंड कोण लावणार? मला एका ओळीच्या चुकीला पंचनामा, तुम्हाला अख्ख्या आवर्तनाच्या चुकीला 'तांत्रिक अडचण'? भराव फुटतो तो दरवर्षी त्याच जागी फुटतो. ती जागा आम्हाला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, तिथल्या बाभळीलाही माहीत आहे. पावसाळाभर तो का बांधला नाही?

आणि हे जमत नाही, असं मला सांगू नका. पाटबंधारे अधिनियम 1976 चा आहे. त्याचे नियम पुढे कित्येक दशकं केलेच नाहीत, काम ओढत नेलं इंग्रजांच्या 1934 च्या कालवा नियमांवर. 2005 साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. पाणी मोजून द्यायचं, संस्थेला कोटा ठरवून द्यायचा, संचालक मंडळात वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागातले लोक घ्यायचे. आधी टेल भिजवायचं आणि मग वर सरकत यायचं, हे तर तुमच्याच तोंडी दर बैठकीत असतं. कायदा चांगला आहे हो! नाशिक जिल्ह्यात वाघाडच्या कालव्यावर ओझरच्या टेलवाल्यांनीच पाणीवापर संस्था उभ्या केल्या, पाणी मोजून घेतलं आणि पुढे अख्ख्या प्रकल्पाचं वाटप शेतकऱ्यांनी चालवून दाखवलं. त्याच्याही आधी पांझरा-मोसम नद्यांच्या काठाला फड पद्धतीत गावंच्या गावं पिढ्यानपिढ्या आपसात पाणी वाटून घेत आली. त्यांच्याकडे ना सॅटेलाइट होता ना ॲप. तुमच्याकडे दोन्ही आहे, आणि मोरीवर साधी मोजपट्टी नाही. होती ती गंजून पडली, तिचा खांब कोणीतरी गोठ्याला लावलाय.

आम्हीही कमी नाही. वरच्या अंगाला ज्यांचे डोंगळे आहेत ते आमचेच सोयरे आहेत. लग्नात त्यांच्या पंगतीला बसतो आणि पाण्याचा विषय काढत नाही. संस्था काढायची म्हटली की चेअरमन कोण, यावर दोन वर्षं भांडतो. तुम्ही आमच्या या भांडणावरच जगताय, हे कळत असूनही भांडतो. लाज वाटली पाहिजे आम्हाला. पण पगार तुम्ही घेता, किल्ली तुमच्या खिशात असते, म्हणून आधी तुम्हाला वाटली पाहिजे.

मला मोफत पाणी नको. जास्त पाणी नको. प्रत्येक मोरीवर एक पाटी लावा आणि तिच्यावर लिहा, पाणी अमुक तारखेला, अमुक तास. नाही येणार असेल तर तेही आठ दिवस आधी लिहा. मी हरभरा पेरीन, रान पड ठेवीन, माझं मी बघीन. एवढी पाटी लावायला कुठला निधी लागतो?

बिल मी भरणार आहे. थकबाकी राहिली तर पुढच्या नमुना 7 वर सही मिळत नाही आणि येत्या रब्बीलाही मी गहूच पेरणार आहे. फक्त पावती फाडताना पिकाच्या रकान्यात काय लिहिणार, ते आधी सांगा. 3 मार्चला त्या रानात पीक नव्हतं, पेंढ्या होत्या.