पेट्रोल भरायला जा, पण फिरू नका

विंटेज गाड्यांचा नियम लिहिणाऱ्याने मोटरसायकल कधी लांबून तरी पाहिली होती का? गाडी मूळ रूपात हवी, म्हणे. चासी, बॉडी शेल (म्हणजे गाडीचं बाहेरचं पत्र्याचं कवच) आणि इंजिनात मोठा फेरफार नको. बॉडी शेल! जावाला कुठलं आलं बॉडी शेल? टाकी, दोन मडगार्ड, टूलबॉक्स आणि सीट यालाच शेल म्हणायचं असेल तर मग बाजेलाही म्हणा. नियम मोटारींसाठी लिहिला आणि दुचाकी शेपटीसारखी मागे बांधली.

जुलै २०२१ पासून हा नियम आहे. पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून ५० वर्षं उलटलेली गाडीच विंटेज. पोर्टलवर अर्ज, सोबत फॉर्म २०, विमा, जुनं आरसी पुस्तक, परदेशातून आणलेली असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमचा आयातीचा कागद. फी २०,००० रुपये, पुढे पुन्हा नोंदणी करताना ५,०००. मुदत १० वर्षं. आधीची नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नवा घेतला तर एमएच, मग व्हीए, मग दोन अक्षरं आणि चार आकडे.

हे सगळं केल्यावर गाडी चालवायची कुठे? प्रदर्शनात, विंटेज रॅलीत, तांत्रिक संशोधनासाठी, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला. रोजच्या वापराला बंदी. म्हणजे पंपावर जाऊन टाकी भरून आणा आणि ते पेट्रोल घरी बसून हुंगा. आमच्या सोलापुरात सात रस्त्यावरून नवी पेठेत भाजी आणायला गेलात तर नियम मोडला. रॅलीसाठी पुणे गाठायचं म्हटलं तर अडीचशे किलोमीटर, तेही सहा व्होल्टच्या दिव्यावर, ज्याच्या उजेडात स्वतःचंच पुढचं चाक नीट दिसत नाही. म्हणून ज्यांच्याकडे पुस्तक आहे आणि गाडी चालवायची आहे, त्यांनी व्हीए पाटीच्या नादाला लागूच नये. साधं नूतनीकरण करावं.

आता ते ‘साधं’ नूतनीकरण बघा. फॉर्म २५. वीस वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीची फी ऑगस्ट २०२५ मध्ये १,००० वरून २,००० केली. त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर, दुचाकीला पाच वर्षांचे २,०००. उशीर झाला की महिन्याला ३०० रुपये. चार वर्षं राहिलं तर १४,४००. पन्नाशीला गाडी वारसा होते आणि एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत गुन्हेगार असते, असा हा हिशोब. १९८० ची येझदी अजून विंटेजमध्ये बसत नाही, पण जास्तीच्या फीसाठी ती कधीच म्हातारी झालीय.

पैसे एक वेळ देऊ. खरा घोळ पुस्तकाचा आहे. तीन अक्षरी नंबरच्या बऱ्याच गाड्यांची नोंद ‘वाहन’ या आरटीओच्या संगणक प्रणालीत नसतेच. ती असते जाड रजिस्टरात, कपाटात. पोर्टलवर नंबर टाकला की ‘नोंद सापडली नाही’. नूतनीकरणाला पीयूसी आणि विमा लागतो. पीयूसीच्या मशीनला ‘वाहन’मधली नोंद लागते. नोंदीसाठी बॅकलॉग एन्ट्री लागते, म्हणजे रजिस्टरातली जुनी नोंद संगणकात चढवणं. बॅकलॉगला मूळ पुस्तक आणि रजिस्टरातली नोंद लागते. पुस्तक उंदरांनी खाल्लेलं असेल तर डुप्लिकेटचा फॉर्म २६, पोलिसांत तक्रार, प्रतिज्ञापत्र. म्हणून क्रम उलटा धरा: आधी बॅकलॉग, बाकी सगळं नंतर. आधी विमा काढून बसलात आणि त्यात चासी नंबरचा एक आकडा चुकला, तर तो विमा कागदाच्या भावाचा.

त्यातही गाडी आजोबांच्या नावावर आणि आजोबा कधीच गेलेले. अशा वेळी विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० घेऊन कुणाचीतरी सही गिरवायला बसू नका. मयताच्या नावावरून हस्तांतरणाला फॉर्म ३१ आहे. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. चार आत्या चार गावांना, आणि त्यांतल्या एकीला नेमकी आताच गाडीत हिस्सा आठवतो. सोलापूरला कर्नाटक लागून, त्यामुळे तिकडून आलेल्या गाड्याही लई. त्यांना मूळ कार्यालयाची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि तिकडेही तीच कपाटं, तीच रजिस्टरं.

समजा, कागद जमले. आता चासी नंबर. फॉर्म २० वर त्याचा पेन्सिलचा ठसा लागतो. नंबर असतो हँडलच्या मानेपाशी, आणि त्याच्यावर पन्नास वर्षांचे रंगाचे थर. गाडी ‘रिस्टोअर’ करून देणारे उत्साही लोक फ्रेम सँडब्लास्टिंगला टाकतात, मग पावडर कोटिंग. वाळूने कडा झिजतात, पावडर खाचांत भरते, आणि ३ चा ८ होतो. खाडाखोड दिसली की तपासणीत गाडी चोरीचीच ठरवली जाते. ठोकून नंबर पुन्हा पाडण्याचा शहाणपणा तर करूच नका, तो थेट पोलिसांकडे घेऊन जातो. फ्रेम खोलण्याआधी पेंट रिमूव्हर लावा, पितळी ब्रशने हळू घासा, ग्राइंडर लांब ठेवा, फोटो काढा, पातळ कागदावर मऊ पेन्सिलने तीन-चार ठसे घेऊन ठेवा. मग नंबरवर उष्णता सोसणारी टेप लावूनच फ्रेम द्या. भट्टी दोनशे अंशांच्या आसपास जाते, साधी मास्किंग टेप तिथे जळून चिकटते.

इंजिन नंबर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर. क्रँककेस तडकला की गॅरेजवाला दुसऱ्या गाडीचा बसवतो, झकास चालतो, पण पुस्तकातला नंबर वेगळा. जुना तडकलेला क्रँककेस भंगारात घालू नका. वेल्डिंग करून तोच वापरता आला तर सोन्याहून पिवळं.

पीयूसीत ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालतं. तरीही टू-स्ट्रोक जावा नापास होते, कारण सायलेन्सरमध्ये वर्षानुवर्षांचा कार्बन. आतली नळी काढून साफ करा, तेलाचं प्रमाण कंपनीने सांगितलंय तेवढंच ठेवा, हात सुटेल तसं ओतू नका, आणि इंजिन चांगलं तापवूनच जा.

मग सुरक्षा पाटी, म्हणजे एचएसआरपी नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना सक्तीची, दुचाकीला जीएसटीसह ५३१ रुपये. २०२५ मध्ये मुदत इतक्यांदा वाढवली की कुणी तारीख विचारायचंच सोडलं. मागची पाटी २०० बाय १०० मिलिमीटर, ती कशीबशी बसते. पुढची २८५ बाय ४५, एकदम सरळ. जुन्या गाडीची पुढची पाटी मडगार्डच्या पाठीवर उभी, कमानीसारखी वाकलेली, दोन्ही बाजूंनी रंगवलेली. त्या कमानीवर हा सरळ ॲल्युमिनियमचा पत्रा लावायचा कसा? वाकवला तर होलोग्राम आणि लेझर नंबरचा सत्यानाश. बसवणारा पोरगा बिनधास्त मडगार्डला भोक पाडायला निघतो. त्याला तिथेच थांबवा. पुढच्या फोर्कच्या बोल्टवर दोन पट्ट्यांचा ब्रॅकेट आधीच करून न्या. पाटीचा स्नॅप लॉक एकदा बसला की तोडल्याशिवाय निघत नाही.

आणि विमा. २०२२ च्या थर्ड पार्टी दरांत विंटेज म्हणून नोंदवलेल्या खासगी मोटारीला ५० टक्के सूट दिली. दुचाकीचं नाव नाही. १५० ते ३५० सीसीत येणारी जावा आणि बुलेट, दोघींनाही वर्षाचे पूर्ण १,३६६ आणि वर जीएसटी. वर्षातून दोनदा पंपावर जाऊन येणाऱ्या गाडीला, रोज पुणे-सोलापूर करणाऱ्या गाडीइतकेच.