माझ्या पोरीचा लंगोट सोडायला तुम्हाला सांगितलं कोणी?

चहा टाकायला आत गेले, तेवढ्या वेळात नवऱ्याच्या चुलत बहिणीने माझ्या सव्वा महिन्याच्या मुलीचा लंगोट सोडला, येताना आणलेलं डायपरचं पाकीट फाडलं आणि तिला डायपर घालून मोकळी झाली. विचारणं नाही, सांगणं नाही. मी ट्रे घेऊन बाहेर येते तर लंगोट खाटेजवळ जमिनीवर पडलेला. ओला तरी असावा? नाही. कोरडा! मीच दहा मिनिटांपूर्वी बदललेला. आणि बाई माझ्याकडे बघून म्हणते, "अगो, अजून लंगोटां घालता तूं? कितें गो हें!" मग मी समोर उभी असताना सासूबाईंकडे वळून, "काकी, पोरांच्या बाबतीत तरी माणसाने हात आखडू नये."

कोरडा लंगोट. आषाढात. गोव्यात, फोंड्याला. बाहेर धो धो पाऊस, दोरीवर परवाचे कपडे अजून थंडगार ओले, आणि ही बाई माझा कोरडा लंगोट जमिनीवर टाकते. त्यावरून थोरला नाचणीचं सत्त्व माखलेल्या पायांनी चालत गेला. तो पुन्हा धुवायचा कोणी? वाळवायचा कोणी?

सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याचे ते तुकडे. त्यांनी स्वतः फाडून, कडा दुमडून, हाताने टाके घालून दिलेत. इतके मऊ झालेत की बाजारात असलं कापड पैसे टाकून मिळणार नाही. सकाळी गरम पाण्यात भिजवायचे, घासायचे, तीन पाण्यांतून काढायचे आणि बाल्कांवात, म्हणजे पुढच्या पडवीत, टांगायचे. संध्याकाळी हात लावला की कळतं, पाणी गळून गेलंय, ओल तशीच आहे. दुसऱ्या दिवशी कुबट वास यायच्या आत इस्त्री मारायला घ्यायचे. इस्त्री टेकवली की आधी वाफ, मग एक आंबूस वास, मग कुठे ते कापड कडक होत जातं. चार लंगोट झाले की वीज गुल. आमच्याकडे पावसाचे दोन थेंब पडले की वीज जाते, ते काय नव्याने सांगायला नको. मग सासूबाई शेगडीवर टोपली पालथी घालतात आणि उरलेले तिच्यावर पसरतात. पोरगी उठते, तोवर पुन्हा दोन ओले. दिवसाचा हा धंदा आहे माझा. आणि याला म्हणे हात आखडणं!

हिशेब मला येतो, ताई. तान्ह्या बाळाचं एक डायपर दहा-बारा रुपयांना पडतं. दिवसाला आठ-दहा लागतात. म्हणजे शंभर रुपये रोज, तीन हजार महिन्याला, एकीचे. थोरला दोन वर्षांचा. त्याला मी दिवसा उघडाच ठेवते, सू लागली की सांगायला शिकतोय. नाहीतर त्याचे आणखी दीड हजार. माझा नवरा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर आहे. पावसाळ्यात काम कमी आलं की कंत्राटदार खाडे लावतो आणि ते दिवस पगारातून सरळ उडतात. "आता जीएसटी उतरलाय ना, स्वस्त झालीत," हेही ऐकवून झालं. उतरलाय, सप्टेंबर २०२५ मध्ये बारा टक्क्यांचा पाच झाला. म्हणजे शंभराच्या मालावर सहा-सात रुपये. त्यातून माझी काय चैन होणार आहे?

आणि डायपर विष आहे असं मी कधी म्हटलं? रात्री घालते. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दाखवायला जायचं असलं, बसमध्ये तासभर बसायचं असलं, तर घालते. कुठे घालायचं आणि कुठे नाही हे मी ठरवलंय, मी, तिच्या आईने. लंगोटावर मला दर अर्ध्या तासाला कळतं पोरगी किती वेळा ओली झाली, म्हणजे दूध पोटात जातंय की नाही. तान्ह्या बाळाचं दूध पुरतंय हे ओळखायची साधी खूण तीच आहे. शिवाय वापरलेली डायपरं टाकायची कुठे? कचऱ्याची गाडी सुका कचरा नेते, हे घेत नाही. मग लोक पिशवीत बांधून रस्त्याच्या वळणावर फेकतात आणि कुत्री ती शेतात ओढत नेतात. आमच्या घरामागच्या शेतात जाऊन बघा.

एवढ्यावर थांबली असती तरी मी गप्प बसले असते. तिने कपाट उघडलं! "हे काय, दादाचीच झबली? मुलीला निळं?" हो, दादाचीच. त्याने ती दोन-दोन महिने घातली आणि ती त्याला आखूड झाली. एकही विटलेलं नाही. पहिलं झबलं जुन्यातलंच घालायचं, नव्या कापडाची खळ कोवळ्या अंगाला टोचते, ही रीत मी काढली का? तुमच्याच आईने माझ्या थोरल्याच्या वेळी मला सांगितली होती. तेव्हा तो संस्कार होता, आज माझी चिंधीगिरी झाली?

बाहेर तोवर थोरल्याच्या हातात चॉकलेट आणि मोबाईल. बरोबर जेवायच्या वेळेला. त्याने पेज तोंडात घेतली नाही, मोबाईल काढून घेतला तर रडून घर डोक्यावर घेतलं, त्या आवाजाने धाकटी उठली, आणि पाहुण्या "येते हं, काळजी घे" म्हणून छत्री उघडून चालत्या झाल्या. रात्री दीडपर्यंत दोघं जागी. काळजी मीच घेतली.

आता तोंड उघडलंच आहे तर सगळंच बोलते.

थोरल्याच्या वेळी ज्या खाजगी दवाखान्यात बाळंत झाले, तिथल्या नर्सबाईंनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "दूध पुरत नाही तुझं, वरचं दे," आणि डब्याचं नाव कागदावर लिहून नवऱ्याच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी कोणाचं दूध पुरेसं येतं? चीक येतो, आणि त्या इवल्या पोटाला तो पुरतो. हे मला नंतर आरोग्य केंद्रातल्या ताईंनी पाठीवर हात ठेवून समजावलं. ४०० ग्रॅमचा डबा, पूर्ण त्याच्यावरच ठेवलं तर पाच दिवसांत तळाला जातो. १९९२ पासून या देशात कायदा आहे. बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात करायची नाही, आयांना फुकट नमुने वाटायचे नाहीत, डब्यावर बाळाचं चित्र छापायचं नाही, आईचं दूध सर्वात चांगलं असं डब्यावरच लिहायचं. एवढं लिहिलेला डबा त्या बाळंतिणीच्या खाटेपर्यंत आणतात! ज्या आईला खरंच दूध येत नाही तिने जरूर द्यावा, तिला कोणी नावं ठेवली तर मी तिच्या बाजूने भांडेन. पण मला येत होतं. मला घाबरवलं.

लसीचंही तेच. "सरकारी टोचून घेतेस? ताप येतो गो, खाजगीत बिनदुखीची मिळते." बिनदुखीचे हजारो रुपये होतात, आणि तेही एका खेपेला. सरकारी केंद्रात पंचगुणी, पोलिओ, रोटा, न्यूमोनियाची, सगळी फुकट मिळतात, आणि नर्स नावानिशी वहीत नोंद करून पुढची तारीख लिहून देते. ताप थोडा येतो, एक रात्र. ती रात्र मी मांडीवर घेऊन काढते. त्यासाठी मला घरभाडं थकवायचं नाहीये.

घरभाडं म्हटलं की माझं डोकं आणखीच फिरतं. घरमालकाने गेल्या महिन्यात ऐकवलं, वरची खोली पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने दिली तर तुमच्या महिन्याच्या भाड्याएवढे आठवड्यात सुटतील. बाळंतीण घरात असताना! गोंयच्या माणसाने गोंयात राहायचं कुठे मग? नारळ पन्नाशीला पोचलाय. ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, मासळीकडे बघवत नाही. बाळंतिणीला दुधासाठी मोरी मासा लागतो म्हणून नवरा बाजारात जाऊन भाव विचारून परत येतो आणि मला सांगतो, आज आलीच नव्हती. मला कळत नाही असं त्याला वाटतं.

आणि वर हे, "मुलगी झाली, सरकारच्या ममता योजनेचे १०,००० मिळतील, गृह आधार योजनेचे महिन्याला १,५०० येतात, मग कसली चणचण?" १,५०० रुपये म्हणजे तुमच्या डायपरांचे पंधरा दिवस. आले तर. माझ्या खात्यात काय येतं यावर तुमचा डोळा असतो, माझ्या घरातून काय जातं ते कोणी विचारत नाही.

बारसं घरी केलं त्याचाही राग आहे मंडळींना. हॉल घेतला नाही, फुग्यांची कमान नाही, फोटोग्राफरला बोलावून पोरीला टोपलीत झोपवून फोटो काढले नाहीत. सासूबाईंनी पाळणा बांधला, शेजारणींनी गाणी म्हटली, घुगऱ्या वाटल्या, वरण-भात, खतखतें आणि मणगणें केलं. पोरगी अख्खा वेळ झोपली. कमी काय पडलं? ज्यांना कमी वाटलं, त्यांनी ताटात काही ठेवलं नव्हतं.

काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही, हे मला कोणी शिकवू नका. थोरल्याला ताप चढला तेव्हा भर पावसात रात्री रिक्षा करून गेलो, रिक्षावाल्याने मागितले तेवढे दिले. अंडं त्याला रोज असतं. माझ्या औषधाच्या गोळ्या एक दिवस चुकत नाहीत. पैसे तिथे जातात. ते तिथे जावेत म्हणून लंगोट धुते, झबली जपून ठेवते, बाबागाडी घेतली नाही. आणि चालवणार कुठे होते ती, आमच्या रस्त्याला फूटपाथ कुठे आहे? हे सगळं डोकं लावून, कंबर मोडून केलेलं काम आहे. याला चिकटपणा म्हणणाऱ्याने एक आषाढ माझ्या बाल्कांवात काढावा.

बाळाला बघायला यायचं आहे ना? या. हात धुवा आणि मग घ्या तिला. मध चाटवू नका, ग्राइप वॉटर आणू नका, सहा महिने तिच्या पोटात माझ्या दुधाशिवाय पाणीसुद्धा जाणार नाही. आणायचंच असेल तर दोन नारळ आणा, मोरीचे चार तुकडे आणा, डबाभर जेवण आणा. आल्यावर चहा मागू नका, स्वतः करा आणि मलाही द्या. कपाट बंद राहू द्या. पुढच्या आठवड्यात धाकटीची दीड महिन्याची लस आहे, केंद्रात रांग असते, थोरल्याला घेऊन तिथे उभं राहता येत नाही. त्या दिवशी सकाळी दोन-तीन तास त्याला कोणी सांभाळणार असेल तर फोन करा.