यीस्ट आणि गूळ ओतल्याने सेप्टिक टाकीचा उपसा टळत नाही

चतुर्थीच्या आधी गोव्यातल्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश फिरतो. त्याचं सार असं: 'दर महिन्याला बेकरीचं यीस्ट आणि गूळ कोमट पाण्यात कालवून संडासात ओता. जिवाणू सगळा मैला खाऊन टाकतात, टाकी कधीच उपसावी लागत नाही. बाहेर पडणारं पाणी नितळ, बिनवासाचं, म्हणजे शुद्ध. ते गटारात सोडा नाहीतर परसातल्या भाजीला घाला, शोषखड्डा कशाला?' यातलं एकच वाक्य अर्धवट खरं आहे: टाकीत जिवाणू मैला कुजवतात. बाकीचं एकेक करून पाहू.

'जिवाणू सगळा मैला खाऊन टाकतात'

पहिली गोष्ट, यीस्ट जिवाणू नव्हे, ती बुरशी. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीत ती पिठातली साखर खाऊन वायू सोडते आणि पाव फुगतो. टाकीतही ती गूळच खाते. कागद, तेल-तूप, भाजीचे धागे हे तिचं खाणं नव्हे. ते कुजवणारे जिवाणू विष्ठेतूनच येतात, ग्रॅमला अब्जावधींच्या संख्येने, आणि फुकट. बाटलीबंद 'कल्चर'चीही गरज त्यामुळे सहसा पडत नाही. उलट गूळ म्हणजे टाकीवर जादा भार, आणि आंबताना उठणारे बुडबुडे तळाचा गाळ ढवळून वर आणतात. तो गाळ पाण्याबरोबर पुढे शोषखड्ड्यात, म्हणजे टाकीचं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात जातो, तिथल्या चिऱ्यांच्या (जांभ्या दगडांच्या) फटी बुजवतो आणि खड्डा पाणी घेईनासा होतो. म्हणजे टाकी 'साफ' झाल्यासारखी दिसते, बिघाड फक्त पुढे सरकलेला असतो.

'टाकी कधीच उपसावी लागत नाही'

सेप्टिक टाकी ही मुळात निवळण टाकी. जड ते तळाला बसतं, तेलकट ते वर तवंग होऊन तरंगतं, मधलं पाणी भिंतीतल्या भोकातून दुसऱ्या कप्प्यात आणि तिथून टी-पाइपमधून बाहेर जातं. पहिला कप्पा लांबीच्या दोन तृतीयांश ठेवतात, कारण बहुतेक गाळ तिथेच बसतो. कुजूनही उरणारा गाळ माणशी वर्षाला साधारण 30 ते 40 लिटर धरतात. पाच माणसांच्या घरात तो 150 ते 200 लिटर होतो. टाकी 2,000 लिटरची असेल, तर तिचा तिसरा हिस्सा तीन-चार वर्षांत गाळाने भरतो. भांडी घासायची राख, वाळू, केस, सॅनिटरी पॅड यांना तर कोणताच जिवाणू हात लावत नाही.

चतुर्थीला काय होतं तेही या हिशेबात बसतं. आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी त्याच टाकीत जोडलेलं असेल, तर पाच माणसांचं माणशी 100 लिटरप्रमाणे दिवसाला 500 लिटर होतं. म्हणजे 2,000 लिटरच्या टाकीत पाणी चार दिवस थांबतं. तिसरा हिस्सा गाळाने भरला असेल तर तीनही दिवस नाही. घरात पंचवीस माणसं जमली की तेच पाणी एक दिवसही थांबत नाही. निवळायला वेळच नाही, त्यात जमीन पावसाने आधीच भिजलेली. मग झाकणाखालून पाणी वर येतं आणि दोष यीस्ट कमी पडल्याला दिला जातो!

गाळ मोजणं सोपं आहे. लांब काठीला जुना पांढरा पंचा गुंडाळून पहिल्या कप्प्यात तळापर्यंत हळू सोडा, थोडं थांबून वर काढा. काळी खूण पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशाला पोचली असेल तर टँकर बोलवा. झाकण उघडल्यावर लगेच वाकून पाहू नका आणि काडी ओढू नका: आत मिथेन असतो, तो पेटतो. सोबत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. जास्त प्रमाणात तो नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो, म्हणून 'वास नाही, उतरायला हरकत नाही' हा हिशेब जिवावर बेततो. टाकीत माणूस उतरवू नये. हाताने मैला साफ करवून घेण्याला बंदी घालणाऱ्या 2013च्या कायद्याने संरक्षण-साधनांशिवाय तसं काम करवून घेणं गुन्हाही आहे.

'नितळ आणि बिनवासाचं म्हणजे शुद्ध'

सर्वांत घातक वाक्य हेच. चांगली चाललेली टाकीसुद्धा सेंद्रिय भार, म्हणजे पाण्यातली कुजणारी घाण, साधारण 30 ते 50 टक्केच उतरवते. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात 100 मिलिलिटरमागे विष्ठेतले जंतू लाखांत राहतात. आंघोळीच्या नदीपात्रासाठी मर्यादा 2,500 आहे, पिण्याच्या पाण्यात एकही चालत नाही. डोळ्याला यातलं काही दिसत नाही. पाण्यात विरघळलेला अमोनिया मातीत नायट्रेट होतो आणि विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम.

शहराच्या प्रकल्पात पाणी शुद्ध होतं ते यापुढच्या टप्प्यांमुळे. पणजीच्या टोंक प्रकल्पात मैलापाणी आधी जाळीतून आणि वाळू बसवण्याच्या कुंडातून जातं. मग एकाच टाकीत आळीपाळीने भरणं, हवा फुंकणं, निवळू देणं आणि वरचं पाणी काढून घेणं हे चक्र चालतं. हवेवर जगणारे जिवाणू भार उतरवतात, क्लोरीन शेवटी येतं. आधी घातलं तर घाण आणि अमोनियाच ते संपवतात, जंतूंसाठी काही उरत नाही. सेप्टिक टाकीत हवा नाही, म्हणून ते काम मातीने करायचं असतं.

'शोषखड्ड्याची गरज नाही'

पाणी उघड्या गटारात सोडलं की ते ओहोळात, तिथून खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात जातं. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर आणि घरापासून 6 मीटर लांब हवा. भूजल जमिनीपासून 1.8 मीटरच्या आत येत असेल, तर तो चालत नाही. खाजनाच्या काठावर आणि किनाऱ्याजवळ पावसाळ्यात हीच अडचण येते, तिथे जमिनीवर उंचवटा करून पाणी मुरवावं लागतं. चिऱ्याच्या जमिनीत 18 मीटरही कधी अपुरे पडतात, कारण जांभ्यातल्या पोकळ्यांतून पाणी गाळलं न जाताच धावतं. हे पाणी तांबड्या भाजीला, मुळ्याला घालू नये. माडाला द्यायचं तर मातीखालून.

फिनेल आणि ॲसिड? रोजच्या सफाईचं टोपणभर चालतं. बाटलीच्या बाटली ओतली तर कुजवणारे जिवाणूच मरतात.

टँकरवाल्याला दोन गोष्टी विचारा: गाळ कुठे रिकामा करणार, आणि त्याची पावती मिळेल का. भर पावसात टाकी पूर्ण रिकामी करून घेऊ नका, प्लास्टिक किंवा फायबरची असेल तर मुळीच नको. खालून भूजलाचा दाब आला की हलकी टाकी वर उचलली जाते आणि पाइप निखळतात. उपसा मार्च-एप्रिलमध्ये करावा आणि लगेच टाकी पाण्याने भरावी.