खुलासा : ऑर्डरी घेणारा एआय एजंट म्हणजे माणसाइतकी बुद्धी नव्हे

रत्नागिरी-देवगडकडच्या बागायतदारांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : 'आंब्याच्या ऑर्डरी स्वतःहून घेणारा एआय आला, म्हणजे माणसासारखी बुद्धी असलेलं यंत्र आलं.' पहिला भाग खरा, दुसरा चुकीचा.

अशा एजंटमध्ये एक भाषेचं मॉडेल, म्हणजे मजकूर समजून मजकूर लिहिणारी एआय प्रणाली, असतं आणि त्याला जोडलेली ठरावीक साधनं : मेल, हिशोबाची शीट, बिल, कुरिअरची नोंदणी. मेल वाचायचा, पुढची पायरी ठरवायची, साधन चालवायचं, काय झालं ते पाहायचं, की पुन्हा पुढची पायरी. मध्ये माणूस लागत नाही म्हणून तो स्वायत्त. पण काम आणि साधनं आपणच आखून दिलेली.

गोची इथे होते. गिऱ्हाईक लिहितं, 'दोन पेट्या पाठवा.' पेटी चार डझनांची की सहा? एजंट न विचारताच एखादा आकडा धरू शकतो, आणि तोच बिलात, चलनात उतरतो. चुका साठतही जातात : प्रत्येक पायरी ९५ टक्के बरोबर धरली, तरी २० पायऱ्यांचं काम बिनचूक पार पडण्याची शक्यता जेमतेम ३६ टक्के. म्हणून पैसे आणि माल हलण्याआधी माणसाची मंजुरी ठेवाच.

माणसाइतकी सर्वसाधारण बुद्धी म्हणजे आज बिल, उद्या मोहोरावरचा तुडतुडा ओळखणं, परवा कलम बांधणं. न आखून दिलेलं कामही शिकून घेणं. २०१६ साली 'गो' या पटावरच्या खेळात नामवंत खेळाडू ली सेडोलला हरवणाऱ्या अल्फागो या एआयला त्या खेळापलीकडे काहीच येत नव्हतं. एजंटचा आवाका त्याहून बराच मोठा आहे, पण स्वतःहून चालणं वेगळं आणि काहीही शिकता येणं वेगळं.