‘वाड्यात संग्रहालय होत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

विदर्भातल्या गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: चित्रसंग्रहालयाला त्यासाठीच बांधलेली इमारत लागते, मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या) वाड्यात ते करायचं तर आधी सिमेंटचा गिलावा आणि एसी हवा, एवढ्या खटाटोपापेक्षा वाडा पाडलेला परवडतो.

पहिला मुद्दा लगेच निकालात निघतो. मुंबईत 1911 चं कावसजी जहांगीर सभागृह 1996 पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. पॅरिसचं ओर्से हे 1900 सालचं रेल्वे स्टेशन, 1986 पासून संग्रहालय. उलट मुंबईचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम (आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) मुद्दाम संग्रहालय म्हणूनच बांधलं, आणि 1922 साली उघडण्याआधी त्यात लष्करी दवाखाना चालला.

सिमेंटचा सल्ला मात्र वाड्याच्या मुळावर येणारा आहे. मातीत रचलेली जाड भिंत पायातून ओल ओढते आणि अंगातून बाहेर सोडते. सिमेंटनं ही वाट बंद होते. ओल आणखी वर चढते, गिलाव्यामागे क्षार साचतात, लोणा लागतो. काही पावसाळ्यांत गिलावा सुटतो तो आतली माती घेऊनच. मग खापर फुटतं ते मातीवर!

आधी ओल कुठून येते ते बघा: तुंबलेली नाली, भिंतीलगत चढलेला रस्ता, फुटकी कवेलू. ते दुरुस्त करून दिवाळीनंतर भिंतीवर आधी लावलेलं सिमेंट छिन्नी-हातोडीनं काढा. ब्रेकर नको, हादऱ्यानं सांधे निखळतात. भिंत निदान दोन महिने उघडी सुकू द्या. तोवर कळीचा चुना विझवून पाण्याखाली मुरत ठेवा. पंधरा दिवस तरी हवेतच, महिना-दोन महिने मुरला तर उत्तम. नव्या गिलाव्यासाठी एक भाग चुन्याला वाळू आणि विटांचा चुरा मिळून तीन भाग. एक थर 10-12 मिलिमीटरपेक्षा जाड नको. आठवडाभर ओलं गोणपाट लावून ठेवा. हे काम मार्चच्या आत उरका. एप्रिल-मेच्या उन्हात चुना नुसता वाळतो, पकत नाही, आणि भेगा पडतात.

आता एसी. तो दिवसा चालणार, रात्री बंद होणार, मधेच वीज जाणार. अशा दर हेलकाव्याला कागद फुगतो-आकसतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. जाड भिंत हे चढउतार आपोआप संथ करते. उन्हाळ्यात पहाटे खिडक्या उघडा, दुपारी बंद ठेवा. कूलर तर चित्रांच्या खोलीत नकोच. तो ओली हवा फेकतो. चित्रामागे इंचभर फट ठेवा, आणि पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर कागदी काम लावूच नका.

मेसेजनं उजेडाचं नावही काढलेलं नाही. कागद आणि कापडाला 50 लक्स (उजेड मोजायचं एकक), तैलचित्राला 200 लक्स ही प्रचलित मर्यादा. वाड्याच्या मधल्या चौकात उतरणारं ऊन याच्या कित्येक पट असतं. म्हणून चौकालगतच्या ओसरीत दगड, धातू, भाजलेल्या मातीच्या वस्तू मांडाव्यात आणि चित्रं आतल्या खोल्यांत न्यावीत.

पाडणं परवडतं? परवडतं कोणाला, ते वाड्यातल्या सागवानाचा भाव विचारला की कळतं.

खरी अडचण माडीची आहे. भारतीय मानकात घराच्या मजल्याला चौरस मीटरमागे साधारण 200 किलो भार धरतात, संग्रहालयाला 400. तुळयांची भिंतीत घुसलेली टोकं पेचकसानं टोचून बघा. तो सहज आत गेला तर तिथे उदई आहे किंवा लाकूड कुजलंय. तेवढं टोक कापून सागवानाचाच तुकडा जोडावा लागतो, आणि सांध्याचं गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यावं. तोवर माडीवर प्रदर्शन नको. दगडी मूर्ती खालीच ठेवा. माडी मोकळी केल्यावरही एका वेळी किती माणसं वर जातील, हे इंजिनिअरकडून लिहून घ्या.

वरची कवेलू दरवर्षी मृगाआधी फेरावीच लागतात. वांदरं ती फोडतात, आणि गळती बहुधा तिथूनच सुरू होते.