रचना रात्री नऊपर्यंतच स्वीकारली जाईल

सांगलीत राहता आणि अजून एकाही साहित्य समूहात नाही? मग जेवणं झाल्यावर घरी करता तरी काय? अहो, नाट्यपंढरी म्हणतात या गावाला. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' इथंच उभं केलं. वि. स. खांडेकर इथं जन्मले. २००८ चं साहित्य संमेलन इथं भरलं आणि त्याचे अध्यक्ष म. द. हातकणंगलेकर सांगलीतच राहणारे. पाण्यातच एवढं असताना तुम्ही नुसतं वाचत बसता, हे बरं दिसत नाही. आजच कुठल्या तरी समूहात शिरा. व्हॉट्सॲपच्या एका समूहात १,०२४ माणसं मावतात, त्यात तुमची सोय होऊन जाईल.

आत गेल्यावर वेळापत्रक मिळेल. सोमवारी चारोळी, मंगळवारी अष्टाक्षरी, बुधवारी चित्र बघून कविता, गुरुवारी अलक म्हणजे अति लघुकथा, शुक्रवारी शतशब्दकथा, शनिवारी परीक्षण आणि रविवारी सन्मानपत्रं. विषय सकाळी सातला पडतो आणि रचना रात्री नऊच्या आत टाकायची असते. नऊ वाजून एक मिनिटाला सुचलेलं ते साहित्य नव्हे, हे कायमचं लक्षात ठेवा.

प्रकार अवघड नाहीत. शतशब्दकथेत शंभर शब्द लागतात. सत्त्याण्णव भरले तर शेवटी 'आणि मग खरंच' घाला, एकशे तीन झाले तर आधी कथेतली सासू काढा. अमेरिकेत १९९९ साली काही मंडळींनी महिन्याभरात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायचं आव्हान सुरू केलं होतं. म्हणजे रोजचे १,६६७ शब्द. पुढं जगभरातून लोक त्यात उतरले, शेवटी २०२५ साली ती संस्थाच बंद पडली. पडणारच. एवढं लिहायचं म्हटल्यावर माणसाला काहीतरी सांगायचं असावं लागतं. आपल्या अलकेत ती अट नाही.

अष्टाक्षरीला मात्र बोटं लागतात. ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं. मी हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो. ऐन सौद्याच्या वेळी राजापुरीच्या पोत्याला टेकून मी 'कातरवेळ' मोजत होतो, कागद हाताशी नव्हता म्हणून समोरच्या शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीच्या कोपऱ्यात पाचाचा आकडा टाकला. पट्टी घेऊन गेलेला शेतकरी तासाभरानं परत आला. "मालक, तोलाई कळली, हमाली कळली. ही पाचाची कपात कसली?" आता त्याला काय सांगणार? घरीही तेच. बोटांची पेरं मोजताना बघून बायकोनं विचारलं, "अहो, पाहुणे कितीजण येणारेत?"

तेव्हा रोज नव्यानं मोजत बसू नका. एक कविता पक्की करून ठेवायची. 'माझी आई माझा श्वास' ही ओळ घ्या. बरोब्बर आठ. मातृदिन झाला की ती ठेवून द्या. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, 'माझी भाषा माझा श्वास' करून टाका. वसुबारसेला 'माझी गाय माझा श्वास'. पर्यावरण दिनाला 'माझी नदी माझा श्वास'. आई, भाषा, गाय, नदी, सगळ्या दोन-दोन अक्षरी. मराठीनं ही सोय आपल्यासाठीच करून ठेवलीय. बापाचंही जमतं, पण बापावर कविता करताना एका कडव्यात फाटकी चप्पल घालावी लागते, हा दंडक आहे.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्याच्या रचना वाचायच्या नाहीत. वाचायला वेळ जातो आणि एखादे वेळी मत तयार होतं. समूहाचा व्यवहार आहेरासारखा असतो. लग्नघरात जशी वही ठेवतात, कुणी ताट दिलं, कुणी पातेलं दिलं, तशी एक मनात ठेवा. ज्या ताईंनी आपल्या चारोळीला 'अप्रतिम' दिलं, त्यांना 'अप्रतिम' परत. ज्यांनी नुसता अंगठा दिला, त्यांना अंगठाच. कधी 'निःशब्द' लिहावं, त्यानं वजन पडतं. 'तिसरी ओळ जरा सैल वाटली' असं मी एकदा एका सरांना लिहून बसलो. त्यानंतर चार मंगळवार माझ्या अष्टाक्षरीखाली चिटपाखरू फिरकलं नाही. पाचव्या मंगळवारी मी त्यांच्या नातवाच्या बारशाच्या फोटोला 'निःशब्द' लिहिलं, तेव्हा कुठं रहदारी पूर्ववत झाली.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे आपल्याकडं पोरासोरांना पाठ असतं. समूहाचंही तसंच आहे. न वाचलेले संदेश तीनशेवर गेले की इशारा समजायचा. पाचशेवर गेले की सरळ खालपर्यंत सरकवत जायचं आणि वाटेत दिसेल त्याला 'अप्रतिम' टाकत सुटायचं.

सन्मानपत्राची काळजी नको. प्रथम, द्वितीय, तृतीय, उत्तेजनार्थ, लक्षवेधी, भावस्पर्शी आणि सहभाग एवढे वर्ग असल्यावर चुकणार कोण? कडेला मोरपीस, कोपऱ्यात दौत, मधे आपला आधार कार्डावरचा फोटो. माझी त्रेसष्ट झाली आहेत. पंचविसापर्यंत मी झेरॉक्सवाल्याकडं लॅमिनेशन करून घेतली, मग त्यानंच सांगितलं, काका, आता मोबाइलमध्येच राहू द्या.

आता काय लिहू नये, ते एका उदाहरणावरून सांगतो. एका ऑगस्टमध्ये विषय होता 'महापूर'. पहिला क्रमांक पुण्याच्या एका ताईंना गेला:

कृष्णामाई कोपलीस
का गं अशी रुसलीस

मोजून बघा, आठ-आठ आहेत. त्याच दिवशी आमच्या गावभागातल्या एका सदस्यानंही लिहिलं होतं. २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, तेव्हा त्याचं घर पाण्यात होतं. त्यानं लिहिलं, "स्वयंपाकघरात मसाल्याच्या फळीच्या वर हातभर पाण्याची रेघ आहे. दिवाळीला रंग काढला, तेव्हा आई पेंटरला म्हणाली, तेवढी सोडून दे." बास, एवढंच. ना यमक, ना कृष्णामाईला हाक, ना शेवटी 'पुन्हा उभी राहील सांगली'. अक्षरं तर कशातच बसेनात. परीक्षकांनी शेरा दिला, "आशय बरा, अष्टाक्षरीचा अभ्यास वाढवावा." सहभाग मिळाला. ती रेघ मला दोन दिवस दिसत होती, पण मी काही लिहिलं नाही. मंगळवार होता आणि माझी स्वतःची रचना परीक्षणाला होती.

पुढं तो अधूनमधून लिहायचा, तसंच, बिनमापाचं. मग एका गुरुवारी, अलकेच्या दिवशी, साडेआठला त्याच्या दोन ओळी आल्या. "आईला मिरजेला दाखल केलंय. थोडे दिवस लिहायला जमणार नाही."

खाली सात 'अप्रतिम' पडले, दोन 'निःशब्द', एक 'काय तो शेवट, सर!' ॲडमिनताईंनी नियमाप्रमाणं कळवलं, "सर, छान अलक. शीर्षक, नाव आणि गाव टाकून नऊच्या आत पुन्हा पाठवावी."

पहिलं 'अप्रतिम' माझं होतं.